फेलिक्स नादार

फेलिक्स नादार (मूळ नाव: गास्पार-फेलिक्स तुर्नाशाँ, जन्म: एप्रिल १८२०, पॅरिस, मृत्यू: मार्च १९१०, पॅरिस) हे एकोणिसाव्या शतकातील विख्यात फ्रेंच छायाचित्रकार, व्यंगचित्रकार, पत्रकार, लेखक व बलूनविद्येचे पुरस्कर्ते होते. व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात त्यांचे स्थान दोन कारणांनी महत्त्वाचे मानले जाते. स्टुडिओत येणाऱ्या सूर्यप्रकाशाची दिशा व तीव्रता नियंत्रित करून, कोणत्याही सजावटीशिवाय, चेहऱ्यातून व्यक्तिमत्त्व प्रकट करण्याची शैली त्यांनी घडवली. तसेच विजेच्या दिव्याच्या प्रकाशात व्यक्तिचित्रे काढण्याचे पद्धतशीर प्रयोग करणाऱ्या पहिल्या छायाचित्रकारांमध्ये त्यांची गणना होते. आकाशातून छायाचित्र घेणारे ते पहिले छायाचित्रकार समजले जातात.

प्रारंभिक जीवन

नादार यांचे वडील व्हिक्टर तुर्नाशाँ हे मूळचे ल्यों येथील मुद्रक व प्रकाशक होते. प्रकाशनव्यवसायात दिवाळे निघाल्यानंतर १८३७ मध्ये त्यांचे निधन झाले. फेलिक्स यांनी ल्यों येथे वैद्यकीय शिक्षणास सुरुवात केली होती; परंतु आर्थिक ओढाताणीमुळे ते अर्धवट सोडावे लागले. आई आणि धाकटा भाऊ आद्रियाँ यांच्या निर्वाहाचा भार तरुण वयातच त्यांच्यावर पडला. त्यांनी आधी ल्योंमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये वृत्तपत्रांसाठी लेखन केले.

पॅरिसमध्ये कवी, चित्रकार आणि होतकरू लेखकांच्या वर्तुळात ते रमले. कवी शार्ल बोदलेर, जेरार द नेर्व्हाल व तेओदोर द बाँव्हिल, तसेच कादंबरीकार आंरी म्युर्जे हे त्यांचे मित्र होते. या मंडळींमध्ये शब्दांच्या शेवटी गमतीने ‘दार’ जोडण्याची लकब होती. तिच्यामुळे ‘तुर्नाशाँ’चे ‘तुर्नादार’ झाले आणि पुढे त्याचेच ‘नादार’ हे सुटसुटीत रूप रूढ झाले. टोपणनाव म्हणून सुरू झालेल्या या नावाचे मोल पुढे इतके वाढले की त्यासाठी त्यांना सख्ख्या भावाविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

व्यंगचित्रकार म्हणून कारकीर्द

१८४८ च्या सुमारास नादार ‘ल शारिव्हारी’ व इतर नियतकालिकांमधून व्यंगचित्रे काढू लागले. त्याच वर्षी पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी निघालेल्या स्वयंसेवकांच्या तुकडीत ते सामील झाले व प्रशियात पकडले गेले. पॅरिसला परतल्यावर त्यांनी व्यंगचित्रांवर उदरनिर्वाह चालू ठेवला. मात्र कर्जबाजारीपणाने त्यांची पाठ सोडली नाही.

‘पाँतेआँ नादार’ हा त्यांचा या काळातील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रकल्प होय. समकालीन लेखक, नाटककार, चित्रकार आणि संगीतकार यांची सुमारे हजार व्यंगचित्रे चार भव्य शिलामुद्रित पत्रकांवर छापण्याचा त्यांचा बेत होता. त्यांपैकी केवळ पहिले, लेखकांचे पत्रक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे अडीचशे साहित्यिकांची मिरवणूक दाखवली आहे. या चित्राने नादार यांना कीर्ती मिळाली, परंतु पैसा मिळाला नाही.

या कामाचा त्यांच्या पुढील वाटचालीवर मोठा परिणाम झाला. शेकडो चेहरे समोर बसवून रेखाटताना कोणत्या रेषेत माणूस ओळखू येतो, कपाळ, भुवया, ओठ आणि हनुवटी यांतील कोणता भाग स्वभाव सांगतो, याचा त्यांना सराव झाला. छायाचित्रणाकडे ते वळले, तेव्हा यंत्राची माहिती त्यांना नवी होती; चेहरा वाचण्याची विद्या मात्र त्यांच्याजवळ आधीपासून होती.

छायाचित्रणाकडे वळण

१८५४ च्या सुमारास नादार छायाचित्रण शिकले आणि पॅरिसमधील सें-लाझार रस्त्यावरील ११३ क्रमांकाच्या घरी त्यांनी व्यक्तिचित्रे काढण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी एर्नेस्तीन लफेव्हर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८५६ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा पॉल हाही पुढे छायाचित्रकार झाला.

नादार यांनी भाऊ आद्रियाँ यालाही छायाचित्रणाच्या व्यवसायात आणले होते. दोघांनी काही काळ एकत्र काम केले. मूकनाट्य कलावंत शार्ल देब्युरो याची पिएरोच्या वेशातील चित्रमालिका ही त्या सहकार्याची प्रसिद्ध निर्मिती आहे. १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या मालिकेस सुवर्णपदक मिळाले. प्रकाशयोजनेच्या दृष्टीने हा विषय अवघड होता. पिएरोचा वेश पांढरा, चेहराही पांढऱ्या रंगाने माखलेला. प्रकाश थोडा जास्त झाला तर वेशाच्या चुण्या आणि चेहऱ्यावरील भाव पुसले जाणार, कमी झाला तर पांढरा रंग मळकट दिसणार. या चित्रांमध्ये प्रकाश एका बाजूने येतो आणि सैल अंगरख्याच्या प्रत्येक चुणीची करडी सावली स्पष्ट उमटते.

नावाचा खटला

दोघा भावांचे सहकार्य फार काळ टिकले नाही. आद्रियाँ स्वतंत्रपणे व्यवसाय करताना ‘धाकटे नादार’ अशा अर्थाची स्वाक्षरी वापरू लागला. ‘नादार’ हे नाव आपण कष्टाने कमावले असून ते वापरण्याचा अधिकार केवळ आपला आहे, अशी भूमिका घेऊन फेलिक्स यांनी १८५६ मध्ये दावा दाखल केला. आरंभी निकाल त्यांच्या विरोधात गेला; मात्र अपिलात, १८५७ च्या अखेरीस, त्यांचा अधिकार मान्य झाला.

या खटल्यातील नादार यांचा युक्तिवाद छायाचित्रणाच्या इतिहासात वारंवार उल्लेखिला जातो. छायाचित्रणाचे शास्त्र तासाभरात आणि हाताळणीची प्राथमिक माहिती एका दिवसात कोणालाही शिकवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते, शिकवता येत नाहीत अशा गोष्टी वेगळ्याच असतात. प्रकाशाची जाण, निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या प्रकाशांच्या मिश्रणातून होणाऱ्या परिणामांची पारख आणि समोर बसलेल्या माणसाच्या मनाशी झटकन जुळवून घेण्याची क्षमता या त्या गोष्टी होत.

या युक्तिवादामागे व्यावहारिक हेतू होता, हे उघड आहे. तरीही छायाचित्रण ही केवळ यंत्राची करामत आहे असे मानणाऱ्या त्या काळात, छायाचित्रकाराचे कौशल्य प्रकाशाच्या निवडीत असते, हा विचार न्यायालयात मांडला जाणे महत्त्वाचे ठरले. विरोधाभास असा की, प्रकाशाची जाण शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्या नादार यांनीच पुढील चार-पाच वर्षे प्रकाश हाताने घडवण्याच्या तांत्रिक खटाटोपात घालवली.

स्टुडिओतील प्रकाशयोजना

नादार यांच्या उमेदीच्या काळात ओल्या कलोडियनची पद्धत प्रचलित होती. काचेवर कलोडियनचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवली जाई. थर ओला असतानाच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधारखोलीत नेऊन प्रतिमा उमटवावी लागे. ही काच प्रामुख्याने निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत असे. लाल व पिवळ्या प्रकाशाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसे. त्यामुळे लालसर त्वचा प्रत्यक्षापेक्षा काळवंडलेली दिसे, चेहऱ्यावरील डाग ठळक होत आणि निळे डोळे फिकट पडत.

अशा काचेसाठी भरपूर प्रकाश लागत असल्याने त्या काळातील स्टुडिओ इमारतीच्या वरच्या मजल्यावर, काचेचे छत आणि काचेची भिंत असलेले असत. दिवसभर थेट ऊन येऊ नये म्हणून शक्यतो उत्तरेकडील प्रकाश घेतला जाई. पडदे सरकवून प्रकाशाची दिशा व प्रमाण ठरवले जाई आणि सावलीच्या बाजूला पांढरे फलक उभे करून ती थोडी उजळली जाई. मोठ्या काचेतून येणारा प्रकाश पसरट असल्यामुळे सावल्यांच्या कडा सौम्य राहत.

अनेक व्यावसायिक छायाचित्रकार समोरून आणि वरून सपाट प्रकाश टाकत. त्यामुळे एक्सपोजर, म्हणजेच काचेवर प्रकाश पडू देण्याचा काळ, कमी ठेवता येई. परंतु चेहऱ्याचे उठाव नाहीसे होत. नादार यांच्या १८५५ ते १८६० या काळातील चित्रांत याच्या उलट पद्धत दिसते. मुख्य प्रकाश सहसा एका बाजूने आणि थोडा उंचावरून येतो. कपाळ, नाकाचा कणा व गालाचे हाड उजळते; चेहऱ्याची दुसरी बाजू सावलीत जाते, पण त्या सावलीतही डोळा आणि त्वचेचा पोत दिसत राहतो. पार्श्वभूमी साधी, एकरंगी असते. खांब, रंगवलेली उद्याने, संगमरवरी कठडे अशी तत्कालीन सजावट सहसा आढळत नाही. गडद रंगाचे कपडे पार्श्वभूमीत मिसळून जातात आणि पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावर व हातांवर स्थिरावते.

ही साधी वाटणारी मांडणी जोखमीची होती. बाजूने येणाऱ्या प्रकाशात चेहऱ्याची उजळ व गडद बाजू यांत मोठा फरक पडतो. उजळ बाजूसाठी एक्सपोजर योग्य ठेवले तर गडद बाजू काळी ठिक्कर पडण्याचा धोका असतो, आणि गडद बाजूसाठी ते वाढवले तर उजळ बाजूतील तपशील हरवतो. हा फरक काचेला पेलवेल इतकाच ठेवणे, हे या शैलीचे मर्म होते.

प्रकाशाचा अंदाज

आज स्टुडिओत प्रकाशमापक हातात धरून मुख्य दिव्याचा आणि सावली उजळणाऱ्या दुय्यम दिव्याचा प्रकाश स्वतंत्रपणे मोजता येतो. नादार यांच्या काळी असे कोणतेही विश्वसनीय उपकरण नव्हते. छायाचित्रणाच्या काचांची प्रकाशसंवेदनशीलता शास्त्रीय रीतीने मोजण्याची पद्धत हुर्टर व ड्रिफील्ड या संशोधकांनी इंग्लंडमध्ये १८९० मध्ये प्रसिद्ध केली. विद्युत प्रकाशमापक तर १९३० च्या दशकात प्रचारात आले.

त्यामुळे ऋतू, दिवसाची वेळ, ढग, भिंगाचे तोंड, काचेचा ताजेपणा आणि व्यक्तीचा रंग व पोशाख या सर्वांचा विचार करून एक्सपोजर अंदाजाने ठरवावे लागे. भिंगावरील टोपण काढायचे, सेकंद मोजायचे आणि टोपण पुन्हा लावायचे, एवढीच यंत्रणा होती. एक्सपोजर अनेक सेकंदांचे असे. डोळ्यांवर अवलंबून राहण्यात आणखी एक अडचण होती. माणसाच्या डोळ्याला तेजस्वी दिसणारा सायंकाळचा तांबूस प्रकाश कलोडियनच्या दृष्टीने दुबळा होता, तर ढगाळ दिवसाचा निळसर प्रकाश तुलनेने परिणामकारक होता. म्हणून छायाचित्रकाराला आपला डोळा काचेच्या स्वभावानुसार घडवावा लागे.

ओल्या काचेचा एक फायदाही होता. चित्र घेतल्यावर काही मिनिटांतच निगेटिव्ह दिसत असे. सावलीचा भाग रिकामा राहिला असेल तर पडदा सरकवून किंवा पांढरा फलक जवळ आणून, समोरची व्यक्ती बसलेली असतानाच दुसरे चित्र घेता येई. ही तत्काळ पडताळणी त्या काळातील प्रकाशमापकच म्हणता येईल.

प्रमुख व्यक्तिचित्रे

नादार यांच्यासमोर बसलेल्या व्यक्तींची यादी म्हणजे तत्कालीन फ्रेंच सांस्कृतिक जीवनाचा आलेख आहे. जेरार द नेर्व्हाल, अलेक्सांद्र द्यूमा, तेओफिल गोतिए, शार्ल बोदलेर, जॉर्ज सांद, संगीतकार रोस्सिनी व बेर्लिओझ, चित्रकार देलाक्रवा, कुर्बे, मिले, दोमिए व माने यांची त्यांनी काढलेली चित्रे आज सर्वत्र परिचित आहेत. यांतील कित्येक जण त्यांचे मित्र असल्याने चित्रांत अनौपचारिकता आढळते.

प्रत्येकाला आपले चित्र आवडलेच असे नाही. १८५८ मध्ये काढलेले स्वतःचे चित्र देलाक्रवा यांना इतके खटकले की त्याच्या प्रती नष्ट कराव्यात अशी विनंती त्यांनी नादार यांना पत्राने केली. बोदलेर यांनी १८५९ मध्ये छायाचित्रणावर कठोर टीका केली. मात्र नादार यांच्याशी त्यांची मैत्री टिकून राहिली आणि बोदलेर यांची आज सर्वाधिक ओळखीची चित्रे नादार यांनीच काढलेली आहेत.

१८६४ च्या सुमारास काढलेली अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांची चित्रे विशेष गाजली. तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या व त्यांना अद्याप प्रसिद्धी मिळायची होती. खांद्यांभोवती लपेटलेले वस्त्र, साधी पार्श्वभूमी आणि बाजूने येणारा मऊ प्रकाश यांवर ही चित्रे उभी आहेत.

कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग

सूर्यप्रकाशावर चालणारा स्टुडिओ हिवाळ्यात जवळजवळ निकामी होई. पॅरिसमध्ये त्या दिवसांत उजेड थोडा वेळ आणि तोही मंद असतो. कृत्रिम प्रकाश साधला तर कोणत्याही ऋतूत व दिवसाच्या कोणत्याही वेळी काम करता येईल, या विचाराने नादार यांनी प्रयोग हाती घेतले. ४ फेब्रुवारी १८६१ रोजी त्यांनी कृत्रिम प्रकाशातील छायाचित्रणाचे एकस्व नोंदवले.

त्यांनी कार्बन आर्क दिवा वापरला. दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवून हा प्रकाश मिळतो. कांड्या जळून आखूड होत जातात, त्यामुळे त्यांच्यातील अंतर कायम राखण्यासाठी नियंत्रक यंत्रणा लागते. वीजनिर्मितीची केंद्रे तेव्हा नव्हती. म्हणून नादार यांनी पन्नास बन्सन घट एकत्र जोडून वीज मिळवली. या घटांमध्ये तीव्र आम्ले वापरली जात. हे सारे उभारणे, चालू ठेवणे आणि त्याचा वास सहन करणे कष्टाचे होते. आर्क दिव्याच्या प्रकाशात निळ्या व अतिनील किरणांचे प्रमाण मोठे असल्याने तो कलोडियनला मानवणारा होता.

पहिले प्रयोग त्यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर केले. चित्रे उमटली, पण ती रुक्ष होती. उजळ भाग पांढरेफटक, सावल्या काळ्याभोर आणि तपशीलहीन, डोळे निर्जीव. याचे कारण प्रकाशाच्या उगमात होते. काचेच्या छताच्या मानाने आर्क दिवा म्हणजे केवळ एक बिंदू. बिंदूतून निघालेल्या प्रकाशाने पडणाऱ्या सावलीची कड धारदार असते. शिवाय प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दिवा जवळ असेल तर अंतरातील थोडाही फरक मोठा ठरतो व चेहऱ्याच्या निरनिराळ्या भागांवर फारच असमान प्रकाश पडतो. खोलीत दुसरा प्रकाश नसल्यामुळे सावली उजळण्यासही काही नव्हते.

नादार यांनी यावर टप्प्याटप्प्याने उपाय शोधले. आधी दुधी काच वापरून प्रकाश गाळण्याचा प्रयत्न केला. त्याचा विशेष उपयोग झाला नाही. मग त्यांनी पांढऱ्या जाड कापडाचे परावर्तक उभारले. त्यानंतर मोठे आरसे अशा रीतीने मांडले की दिव्याचा झोत थोड्या थोड्या वेळाने सावलीच्या भागावर फेकता येईल. अशा रीतीने सावलीतील तपशील दिसू लागला व एक्सपोजरही दिवसा लागणाऱ्या काळाच्या जवळ आणता आले. आजच्या स्टुडिओतील मुख्य दिवा, झोत मऊ करणारे आवरण आणि सावली उजळणारा परावर्तक या तिन्ही गोष्टींमागील विचार या प्रयोगांत बीजरूपाने आढळतो.

स्टुडिओत संध्याकाळी पेटणाऱ्या या दिव्याच्या झगझगाटाने रस्त्यावरील लोकांची गर्दी जमे. चित्रकार गुस्ताव्ह दोरे यांच्यासह अनेक परिचितांनी या प्रकाशात बसून चित्रे काढून घेतली. तथापि, नादार यांची विजेच्या प्रकाशातील व्यक्तिचित्रे त्यांच्या सूर्यप्रकाशातील चित्रांच्या तोडीची मानली जात नाहीत. प्रखर झोतात टक लावून बसणे ग्राहकांना त्रासदायक होते आणि खर्चही मोठा होता. व्यवसायाचा पाया म्हणून ही पद्धत त्या काळी टिकू शकली नाही.

भूमिगत पॅरिस

मनुष्याच्या चेहऱ्यावर अडचणीचा ठरलेला हा प्रकाश जमिनीखाली मात्र अत्यंत उपयुक्त ठरला. १८६१-६२ मध्ये नादार यांनी पॅरिसखालील अस्थिभांडार असलेली भुयारे आणि शहराचे सांडपाण्याचे बोगदे यांची सुमारे शंभर छायाचित्रे घेतली. भुयारांतील कामाच्या वेळी विजेचे घट वर रस्त्यावर ठेवून तारा विवरांतून खाली सोडल्या जात.

काही चित्रांना अठरा मिनिटांपर्यंत एक्सपोजर द्यावे लागले. एवढा वेळ माणूस निश्चल राहणे अशक्य असल्याने कामगारांच्या जागी त्यांचे कपडे चढवलेले पुतळे उभे केले गेले. बोगद्यांतील वाफेमुळे अखेरच्या क्षणी चित्र बिघडण्याचे प्रसंगही आले आणि सारा खटाटोप पुन्हा करावा लागला. या चित्रांनी पॅरिसच्या नागरिकांना स्वतःच्या पायांखालचे शहर प्रथमच दाखवले.

बुलेव्हार दे कापुसिन येथील स्टुडिओ

१८६० मध्ये नादार यांनी बुलेव्हार दे कापुसिन या प्रतिष्ठित रस्त्यावरील ३५ क्रमांकाच्या इमारतीत भव्य स्टुडिओ थाटला. लोखंड व काचेच्या दर्शनी भागावर त्यांच्या स्वाक्षरीची प्रचंड अक्षरे रात्री गॅसच्या दिव्यांनी उजळत. या जागेच्या उभारणीसाठी त्यांना मोठे कर्ज काढावे लागले.

याच सुमारास आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये एकस्व घेतलेल्या छोट्या भेटकार्डाच्या आकारातील छायाचित्रांची लाट आली होती. एकाच काचेवर अनेक चित्रे घेतल्याने ती स्वस्त पडत. नादार यांनी आरंभी या प्रकाराकडे पाठ फिरवली. पण वाढता खर्च भागवण्यासाठी त्यांनाही तो स्वीकारावा लागला. कर्मचारी वाढले, चित्रांची संख्या वाढली आणि बरीच चित्रे सहायक काढू लागले. स्टुडिओच्या नावाने निघालेल्या नंतरच्या चित्रांपेक्षा १८६० पूर्वीची, त्यांनी स्वतः काढलेली चित्रे अभ्यासकांना अधिक मोलाची वाटतात, त्याचे हे मुख्य कारण होय.

दोमिए यांनी १८६२ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध शिलामुद्रित व्यंगचित्रात नादार बलूनच्या टोपलीतून वाऱ्याला तोंड देत पॅरिसची छायाचित्रे घेताना दिसतात. खालच्या प्रत्येक इमारतीवर छायाचित्रणाची पाटी आहे. छायाचित्रणाला कलेच्या उंचीवर नेण्याच्या त्यांच्या प्रयत्नाची ही मिस्कील थट्टा होती.

१८७४ च्या एप्रिल-मे महिन्यांत याच इमारतीतील नादार यांच्या पूर्वीच्या स्टुडिओत मोने, रन्वार, देगा, पिसारो आदी चित्रकारांचे पहिले सामूहिक प्रदर्शन भरले. पुढे दृक्‌प्रत्ययवाद म्हणून ओळखल्या गेलेल्या चळवळीचे नाव या प्रदर्शनातील मोने यांच्या एका चित्राच्या शीर्षकावरून पडले.

बलून व हवाई प्रवास

१८५८ मध्ये नादार यांनी पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेण्यात यश मिळवले. आधीच्या प्रयत्नांत काचा काळवंडत होत्या. बलूनमधून बाहेर पडणारा वायू काचेवरील रसायनांवर परिणाम करतो, हे ध्यानात आल्यावर त्यांना मार्ग सापडला.

१८६३ मध्ये त्यांनी ‘ल जेआँ’, म्हणजे ‘महाकाय’, नावाचा ६,००० घनमीटर क्षमतेचा बलून बांधला. त्याच्या दुमजली टोपलीत छायाचित्रणासाठीही जागा होती. १८ ऑक्टोबर १८६३ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या उड्डाणाचा शेवट जर्मनीतील हानोव्हर प्रांतात भीषण अपघाताने झाला. नादार व त्यांच्या पत्नी दोघेही जखमी झाले. हवेपेक्षा जड यंत्रेच उड्डाणाचे भविष्य घडवतील, अशी नादार यांची श्रद्धा होती आणि त्या संशोधनासाठी निधी मिळावा हा या बलूनचा हेतू होता. प्रत्यक्षात या उपक्रमाने त्यांना कर्जाच्या खाईत लोटले. या विषयाच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या संस्थेत लेखक ज्यूल व्हर्न त्यांचे सहकारी होते. व्हर्न यांच्या १८६५ मधील चंद्रप्रवासाच्या कादंबरीतील आर्दाँ या पात्राचे नाव ‘नादार’च्या अक्षरांची उलटापालट करून बनवलेले आहे.

१८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा शहराबाहेर टपाल पोहोचवणाऱ्या बलूनसेवेच्या संघटनेत नादार यांनी पुढाकार घेतला.

उत्तरायुष्य

युद्धानंतर नादार यांनी आंजू रस्त्यावरील लहान जागेत व्यवसाय चालवला. हळूहळू त्याची सूत्रे मुलगा पॉल याच्याकडे गेली. मे १८८५ मध्ये व्हिक्टर ह्यूगो यांच्या निधनानंतर नादार यांनी मृत्युशय्येवरील त्यांचे छायाचित्र घेतले.

१८८६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मिशेल-अझेन शेव्ह्रल यांच्या वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असताना नादार यांनी त्यांच्याशी संवाद साधला आणि त्या वेळी पॉल यांनी छायाचित्रे घेतली. ‘ल जुर्नाल इल्युस्त्रे’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली ही मालिका पहिली सचित्र मुलाखत समजली जाते. जिलेटिनच्या कोरड्या काचांमुळे एक्सपोजर सेकंदाच्या अंशावर आले होते. त्यामुळे बोलता बोलता बदलणारे हावभाव टिपणे शक्य झाले. अठरा मिनिटे पुतळ्यांवर भिंग रोखून धरणाऱ्या नादार यांनी हा पल्ला एकाच आयुष्यात पाहिला.

१८९७ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी मार्सेय येथे नव्याने स्टुडिओ सुरू केला. १९०० च्या सुमारास त्यांच्या आठवणींचे ‘छायाचित्रकार असताना’ या आशयाच्या शीर्षकाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात कृत्रिम प्रकाशाच्या आणि भूमिगत छायाचित्रणाच्या प्रयोगांचे तपशीलवार वर्णन आहे. १९०४ मध्ये ते पॅरिसला परतले. जुलै १९०९ मध्ये लुई ब्लेरियो यांनी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडल्याचे वृत्त त्यांना ऐकायला मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मार्च १९१० मध्ये नादार यांचा मृत्यू झाला. पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

वारसा

नादार यांच्या प्रयोगांनंतर कृत्रिम प्रकाशाचा मार्ग इतरांनी पुढे नेला. लंडनमध्ये हेन्री व्हान डर वायडे यांनी १८७७ मध्ये जनित्रावर चालणारा विजेचा दिवा व मोठा परावर्तक वापरून व्यावसायिक स्टुडिओ सुरू केला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची स्फोटक भुकटी तयार झाली. विसाव्या शतकात विजेचे बल्ब, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आणि प्रकाशमापक आल्यावर स्टुडिओ सूर्यापासून पूर्णपणे मुक्त झाला.

नादार यांच्या कामातून दिसणारा मूलभूत प्रश्न मात्र साधनांबरोबर बदललेला नाही. चेहऱ्याच्या उजळ व गडद बाजूंतील फरक किती ठेवायचा, हे समोरची व्यक्ती पाहून ठरवावे लागते. प्रकाशमापक तो फरक अचूक सांगतो. तो किती असावा हे सांगत नाही. नादार यांनी न्यायालयात शिकवण्याजोगे तंत्र आणि न शिकवता येणारी प्रकाशाची जाण यांत केलेली विभागणी याच ठिकाणी लागू पडते. त्यांच्या स्वतःच्या कामातही तिचा पुरावा मिळतो. नव्या दिव्यावर त्यांनी तांत्रिक ताबा मिळवला, परंतु त्यांची सर्वोत्तम व्यक्तिचित्रे आजही काचेच्या छतातून आलेल्या आणि एका बाजूने पडदा ओढून आवरलेल्या साध्या सूर्यप्रकाशातीलच आहेत.

नादार यांच्या स्टुडिओतील निगेटिव्ह व प्रतींचा मोठा संग्रह पुढे फ्रेंच शासनाने ताब्यात घेतला. फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर सार्वजनिक संग्रहांमध्ये तो अभ्यासकांसाठी उपलब्ध आहे.